दाजींचे टायर

टायर सगळ्यांचेच झिजतात. दाजींचे संपत. शर्यत निम्म्यावर आली की रेडिओवर त्यांचा आवाज यायचा, "टायर संपले." उन्हात संपत, ढगाळ हवेत संपत, आणि एकदा तर नवे कोरे टायर लावून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच वळणाला संपले होते. गॅरेजमधली माणसं कानावरचे हेडफोन सरकवून एकमेकांकडे बघत हसायची. फूटपट्टी माइकचं बटण न दाबता म्हणायची, "वाजला भोंगा." मग बटण दाबून थंड आवाजात, "ठीक आहे दाजी, चालू ठेवा."

फूटपट्टी हे तिचं पाठीमागचं नाव. तोंडावर सगळे मॅडम म्हणत. गाडीला कोणते टायर लावायचे, ते किती फेऱ्या चालवायचे आणि बदलायला गाडी कधी आत बोलवायची, हे ती ठरवायची. दाजी तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कामावरच्या पहिल्या दिवशी तिच्या तोंडून सवयीनं हाक गेली आणि त्या दिवसापासून मेकॅनिकपासून मालकापर्यंत सगळ्यांचेच ते दाजी झाले. ही नोकरीही तिला दाजींनीच लावून दिली होती. "माझी मेहुणी आहे. डोकं नाही, मशीन आहे," असं त्यांनी मालकांना सांगितलं होतं, आणि पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत राहिले होते. ते उपकार ती विसरली नव्हती. माफही केले नव्हते.

मोटार शर्यत म्हणजे वेग, असं तिकीट काढून बसलेल्या लोकांना वाटतं. वाटू द्यावं, त्यांच्यावरच हा खेळ चालतो. खरं म्हणजे शर्यतीतला ड्रायव्हर बराच वेळ गाडी मुद्दाम हळू चालवत असतो. टायरचं रबर मऊ असतं. वळणावर गाडी जमिनीला धरून राहते ती त्या मऊपणामुळे, आणि तोच मऊपणा दर वळणाला थोडा थोडा रस्त्यावर सांडत जातो. सगळा सांडला की आतली सुताची वीण उघडी पडते. वीण गेली की टायर फुटतो. म्हणून फूटपट्टीच्या मते चांगला ड्रायव्हर तोच, ज्याचे टायर शेवटच्या फेरीत नेमके संपतात. आधी संपले तर तो मूर्ख, शिल्लक राहिले तर भित्रा. दाजींना ती इतकी वर्षं मूर्खांत धरत आली होती.

त्या मोसमाची शेवटची शर्यत होती. मालकांच्या दोन गाड्या पळत. पुढच्या वर्षी एकच पळणार होती. दुसऱ्या गाडीवर मालकांचा सख्खा भाचा होता. पोरगा वेगवान होता, उद्धट होता आणि मामाच्या जिवावर निवांत होता. मालकांना गाडी भाच्यालाच द्यायची होती, पण ते तसं म्हणत नसत. आपण फार न्यायी आहोत असा त्यांचा समज होता आणि तो जपायला त्यांना वेळोवेळी कष्ट घ्यावे लागत. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "शेवटच्या शर्यतीत जो पुढे, गाडी त्याची. माझ्याकडे नातंगोतं नाही." भाचा समोरच बसला होता. कोणी हसलं नाही.

दाजींनी चाळिशी ओलांडली होती. त्यांना दुसरा कुठलाही संघ घेणार नव्हता. गाडी गेली की दाजींचं काय उरणार होतं? भिंतीवरचे फोटो आणि ते फोटो पाहुण्यांना दाखवायची सवय. ताईनं एकदा भांडी विसळता विसळता विषय काढला होता.

"तेवढं बघ गं."

"मी काय बघू? गाडी मी चालवते का?"

"तू सांगतेस तशीच चालवतात ना ते."

"ताई, मी सांगते तशी चालवली असती तर ही वेळच आली नसती."

ताईनं नळ जरा मोठा सोडला. तिच्या घरात एवढंच भांडण होत असे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव झाला. सराव झाला की टायर मोजायचे असतात, आणि ही मोजणी जरा किचकट असते. शर्यतीचे टायर मुळातच गुळगुळीत असतात, त्यामुळे किती झिजले ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर बारीक भोकं ठेवलेली असतात. भोकात सुई घालायची आणि किती खोल जाते ते बघायचं. जितकी कमी जाईल तितकं रबर गेलेलं. पण त्याआधी टायर खरवडावा लागतो. रस्त्याच्या कडेला सगळ्यांच्या टायरचा चुरा पडलेला असतो. परतताना गाडी त्यावरून जाते आणि तापलेल्या टायरला तो चिकटतो, गुळाला मुंग्या लागाव्यात तसा. हीट गननं तापवून आणि खरवडणीनं ओरबाडून हा परका थर काढल्याशिवाय सुई घातली तर ती खोल जाते. टायर आहे त्यापेक्षा जाडजूड वाटतो. नव्या येणाऱ्या प्रत्येक माणसाला फूटपट्टी हे स्वतः समजावून सांगायची, आणि ज्याला एका खेपेत कळत नाही त्याचं नाव मनातल्या मनात कायमचं खोडायची.

खरवडायचं काम पैलवानाकडे होतं. काडीसारखा बारीक माणूस. जगातलं कुठलंही काम उद्यावर टाकता येतं यावर त्याची श्रद्धा होती. भाच्याचे टायर खरवडून त्याने एका बाजूला लावले होते आणि दाजींच्या टायरांसमोर स्टूल ओढून तो दमल्यासारखा बसला होता. तेवढ्यात मालकांच्या बैठकीचा निरोप आला.

"झाले का?" फूटपट्टीनं विचारलं.

"यांचे राहिलेत. बघा ना, सगळा कचरा गोळा करून आणलाय. भाच्यासाहेबांना वाट द्यायला म्हणून दाजी कडेकडेनं आले."

"राहू दे. असेच मोज."

"न खरवडता?"

"दाजींच्या टायरचं काय व्हायचं ते मला पाठ आहे. मोज आणि आकडे दे, मला वर जायचंय."

पैलवानानं वाद घातला नाही. काम करू नकोस असं सांगणाऱ्या माणसाशी तो कधीच वाद घालत नसे.

जिना चढता चढता तिनं आकडे बघितले आणि ती मधल्याच पायरीवर थांबली. दाजींचे टायर भाच्याच्या टायरपेक्षा कमी झिजले होते. अर्ध्याहून जास्त रबर शिल्लक होतं.

इथे कुणालाही शंका आली असती. तीही शंका घेण्यासाठीच पगार घेत होती. पण तो आकडा तिला फार आवडला. दाजी मूर्ख आहेत असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. या आकड्यानं ते भित्रे ठरत होते, आणि भित्रे ठरणं तिला जास्त पटलं. म्हणजे हा माणूस टायर जाळतच नाही. गाडी दाबतच नाही. वळणाला पाय काढून घेतो आणि रेडिओवर टायरच्या नावानं गळा काढतो. एकेक जुनी शर्यत तिला आठवत गेली आणि प्रत्येक शर्यत या हिशेबात चपखल बसत गेली. उरलेल्या पायऱ्या ती झपाझप चढली. खाली टायर न खरवडता पडले आहेत, हे वर पोचेपर्यंत ती साफ विसरली होती.

बैठकीची खोली लहान होती. मालक, भाचा, दाजी, इंजिनवाला आणि दोघातिघा मेकॅनिकांनी ती भरून गेली होती. दाजी पाण्याची बाटली हातात घेऊन खिडकीशी बसले होते.

"मागचा डावा जातोय," दाजींनी सुरुवात केली. "मी आधीच सांगून ठेवतो. उद्या ऊन पडलं तर त्याचं काही खरं नाही."

"दाजी, तुमच्या टायरना काहीही झालेलं नाही," फूटपट्टी म्हणाली. "भाच्यापेक्षा कमी झिजलेत."

"शक्यच नाही. गाडी मागून निसटत होती. बसल्या जागी कळतं मला."

"बसल्या जागी काय कळतं ते मला माहीत नाही. सुई काय सांगते ते सांगतेय."

मालकांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे सर, टायर शिल्लक आहेत. संपलंय ते दुसरंच काहीतरी."

मग भाचा फिस्सकन हसला, आणि तो हसला म्हटल्यावर बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली. इंजिनवाला तेवढा हसला नाही, पण त्याचं लक्षच नव्हतं. दाजी बाटलीचं झाकण लावत होते. झाकण आधीच लागलेलं होतं.

त्यानंतर तिनं आपला बेत मांडला. भाचा टायर बदलायला दोनदा थांबेल. दाजींनी एकदाच थांबायचं. टायर एवढे टिकताहेत तर एक थांबा वाचतो, आणि एक थांबा वाचला की दाजी भाच्याच्या पुढे राहू शकतात. ताईला दिलेला न दिलेला शब्द त्यात पाळला जात होता, नोकरीचं ओझंही उतरत होतं, आणि तेही दाजींचा चारचौघांत कचरा करून. उपकार फेडायची ही रीत तिला सोयीची वाटली.

"जमेल का?" मालकांनी दाजींना विचारलं.

"मॅडम म्हणताहेत तर जमेल," दाजी म्हणाले. त्यांनी मेहुणीला मॅडम म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी काचेची खोली होती. तिथे ताई नेहमीप्रमाणे टीव्हीच्या पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. शर्यत सुरू झाली आणि दाजी रेडिओवर गप्प राहिले. एक शब्द नाही. फूटपट्टी पिटच्या, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात त्या जागेच्या, भिंतीलगत, पत्र्याच्या छपराखाली आपल्या पडद्यांसमोर बसली होती. शेजारी मालक होते, पलीकडे इंजिनवाला. दाजी अशी गाडी चालवत होते, जशी गेल्या काही वर्षांत त्यांनी चालवलीच नव्हती. वळणं कापत होते, ब्रेक उशिरा मारत होते. त्यांची प्रत्येक फेरी बेतात ठरल्यापेक्षा थोडी लवकरच पुरी होत होती.

"आज भोंगा बंद?" मालक म्हणाले.

"काल तेल घातलं ना," फूटपट्टी म्हणाली, आणि स्वतःवर खूश झाली.

निम्म्याच्या जरा आधी दाजी आत आले. टायर बदलले आणि गेले. आता थेट शेवटपर्यंत याच टायरांवर जायचं होतं. थोड्या वेळानं भाचा आपल्या दुसऱ्या थांब्याला आला आणि बाहेर पडला तेव्हा दाजींच्या बऱ्याच मागे होता. बेत मांडल्यासारखा उलगडत होता. मालकांनी एकदोनदा घसा खाकरला. न्यायी माणसाला न्याय होताना बघावा लागला की घसा कोरडा पडतो.

मग पैलवान आला. काम सोडून तो भिंतीपर्यंत कधी येत नसे, कारण मध्ये पिटचा रस्ता ओलांडावा लागतो आणि तो चालणं टाळायचा. त्यानं तिच्या कानाजवळ तोंड आणलं.

"मॅडम, भोकंच सापडत नाहीत."

"कसली भोकं?"

"दाजींच्या काढलेल्या टायरची. मागचा डावा खरवडला आणि भोकं गायब. सुई घालू कशात?"

तिनं हेडफोन खाली घेतला. "काल तर अर्ध्याहून जास्त होतं."

पैलवानानं कानामागे खाजवलं. "काल खरवडले कुठे होते? तुम्हीच म्हणालात, राहू दे."

तो आरोप करत नव्हता. आरोप करायलाही कष्ट पडतात.

"हे कुणाला बोललास?"

"मला कोण विचारतंय?"

"बरं. जा."

तो आला तसाच गेला, पाय ओढत. फूटपट्टीला हिशेब करायला कागद लागत नसे. काढलेले टायर जेवढे पळाले होते, त्यापेक्षा हे नवे बरेच जास्त पळायचे होते, आणि दाजी पहिल्यापेक्षा जोरात चालवत होते. म्हणजे टायर शेवटपर्यंत पोचणार नव्हते. कधी आणि कुठे जातील एवढंच बाकी होतं. सरळ रस्त्यावर गेले तर तिथे गाडी सगळ्यात वेगात असते आणि बाजूला काँक्रीटची भिंत असते.

आत बोलवायचं तर कारण द्यावं लागणार. रेडिओवर बोललेलं मालक ऐकणार, भाच्याचा इंजिनियर ऐकणार, सगळं गॅरेज ऐकणार. काल ज्या खोलीला तिनं दाजींवर हसवलं होतं, ती सगळी खोली. तिनं बटण दाबलं.

"दाजी, टायर कसे आहेत?"

इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. विचारायच्या आधीच उत्तर मिळत असे. आज उत्तर यायला वेळ लागला.

"उत्तम."

"नक्की?"

"तूच सांगितलंस ना. शिल्लक आहेत."

मालकांनी तिच्याकडे बघून अंगठा वर केला. "सुधारले की दाजी!"

ते उत्तर खोटं आहे हे तिला लगेच कळलं. कालच्या बैठकीनंतर या माणसाच्या तोंडून 'टायर' हा शब्द मेल्याशिवाय निघणार नाही, हेही कळलं. पण खोटं असलं तरी ते ड्रायव्हरचं होतं. ड्रायव्हर उत्तम म्हणाला, म्हणून गाडी चालू ठेवली, असं पुढे कुठल्याही टेबलाशी बसून सांगता आलं असतं. त्या एका शब्दावर ती काही फेऱ्या बसून राहिली. पडद्यावरचे आकडे बघत राहिली. दाजींचं कौतुकच म्हणायचं, आकडे घसरत नव्हते. मनातल्या मनात ती त्यांच्यावर चिडली होती. दर रविवारी रडतात, आणि आज खरंच रडायची वेळ आली तर तोंडाला कुलूप. या माणसाला कुठलीच गोष्ट वेळेवर जमत नाही.

मग मोठ्या पडद्यावर सरळ रस्त्याच्या अलीकडचं वळण दिसलं आणि दाजींची गाडी मागून सुटली. स्टँडमधले लोक उभे राहिले. दाजींनी ती कशीबशी धरली, भिंतीपासून हातभर अंतरावर, आणि पुन्हा पाय दाबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना तेवढंच कळतं.

"दाजी, आत या."

"का?"

"टायर बदलू."

"टायर उत्तम आहेत."

"दाजी, सांगते ते ऐका."

"भाच्याला पुढे काढायचंय का? तसं सरळ सांग."

भिंतीलगतच्या सगळ्या माना वळल्या. मालकांनी एका कानावरचा हेडफोन काढला, ऐकलं ते आपण ऐकलंच नाही अशा थाटात. दाजींना आत आणणारं खरं वाक्य एकच होतं आणि ते तिला तोंडपाठ होतं: काल तुमचे टायर खरवडले नव्हते, मीच नको म्हटलं होतं, माझा आकडा खोटा आहे. लहान वाक्य. शेवटच्या वळणापासून पिटच्या तोंडापर्यंत पोचायच्या आत सहज बोलून झालं असतं. बटणावर बोट होतं. तिनं दाबलं.

"गिअरबॉक्स तापलाय. जाम होईल. ताबडतोब आत."

इंजिनवाल्यानं झटकन आपल्या पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा पडद्याकडेच बघू लागला.

"आलो," दाजी म्हणाले.

यंत्र बिघडलं म्हटल्यावर ते कधी प्रश्न विचारत नसत. तेवढे जुने होते. गाडी आत आली, मेकॅनिक तुटून पडले, चारही चाकं निघाली आणि चारही लागली. मागच्या डाव्या टायरवर हाताच्या पंजाएवढ्या जागेत पांढरी वीण दिसत होती. तेवढ्यात भाचा भुर्रकन समोरून गेला. दाजी बाहेर पडले, ताज्या टायरवर त्यांनी जिवाचं रान केलं, भाच्याच्या अगदी मागे आले, आणि शर्यत संपली.

गॅरेजमध्ये पोचल्यावर हेल्मेट काढायच्याही आधी दाजी त्या काढलेल्या टायरपाशी गेले. खाली बसून त्यांनी विणीवरून बोट फिरवलं. ताई वरून धावत आली होती आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून उभी होती. टायर बघून तिला काय कळलं देव जाणे, पण चेहरा टायरच्या विणीसारखाच पांढरा पडला होता.

"आणखी दोन फेऱ्या नसत्या निघाल्या," दाजी म्हणाले. "गिअरबॉक्सनं वाचवलं म्हणायचं."

फूटपट्टी गळ्यातला हेडफोन काढून त्याची वायर गुंडाळू लागली.

"माझंच चुकलं गं," ते तिला म्हणाले. "तू काल जे बोललीस ना, ते लागलं मला. म्हणून जास्तच दाबली. तुझा हिशेब बरोबर होता, टायर मीच खाल्ले. आणि तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. मागचा डावा कधीचाच गेला होता."

"जाऊ द्या हो, दाजी."

"नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

ताईनं तिला टायरांच्या रॅकमागे ओढलं. "मालकांशी बोल तू. गिअरबॉक्स बिघडला त्यात यांचा काय दोष? नाहीतर पुढेच होते ना ते? तुझ्या शब्दाला किंमत आहे. जा ना."

"आत्ता?"

"मग कधी? पोरानं पेढे वाटल्यावर?"

वर मालक एकटेच होते. खिडकीतून खाली भाच्याला उचलून नाचणाऱ्या मेकॅनिकांकडे बघत होते. आनंद लपवायचा म्हणून त्यांनी हात पाठीमागे घट्ट बांधले होते.

"सर, दाजींच्या बाबतीत बोलायचं होतं. गिअरबॉक्स—"

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे," मालक वळून म्हणाले. "इंजिनवाल्याला विचारलं मी. काही तापलं नव्हतं, काही जाम होणार नव्हतं." ते हसले. "हुशार आहेस. टायर गेलेत हे तुला कळलं आणि टायरचं नाव काढलं तर तो माणूस यायचा नाही, हेही कळलं. मी पाहत होतो. जीव वाचवलास त्याचा."

तिचं गिअरबॉक्सचं खोटं त्यांनी आयतं शहाणपण ठरवून तिच्या हातात ठेवलं होतं. तिला फक्त ते घ्यायचं होतं.

"पण एक सांग," मालक खुर्चीत बसत म्हणाले. "तुझे आकडे तर चांगले होते. मग टायर गेले कसे?"

दार उघडं होतं. खालून भाच्याच्या नावाच्या आरोळ्या येत होत्या. प्रश्न सरळ होता आणि मालक उत्तराची वाट बघत होते. नुसती वाट बघत नव्हते, कुठलं उत्तर हवं तेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं उत्तर दिलं असतं तर बिचाऱ्यांना न्याय करावा लागला असता. त्यांच्याकडे बघताना फूटपट्टीला त्यांची किळस आली. या माणसासमोर खरं बोलून आपली अब्रू घालवायची, याची एवढी लायकी तरी आहे का? हा विचार तिला इतका पटला की त्यातला स्वतःचा फायदा तिला दिसलाच नाही.

"दाजींना सवय आहे सर," ती म्हणाली. "टायर कसलेही द्या, खाऊन टाकतात."

मालकांनी सावकाश मान हलवली. "घरच्याच माणसानं सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नाहीतर लोक म्हणाले असते, भाचा म्हणून दिली. बरं झालं तू आलीस." मग आठवल्यासारखं करून, "आणि पुढच्या वर्षी टायरचं तूच बघायचंस. एका गाडीला दोन माणसं कशाला? ते पैलवानाचं काय ते नंतर ठरवू."

"त्याला खरवडायचा कंटाळाच आहे," फूटपट्टी म्हणाली.

खाली गाड्या लावायच्या जागेत दाजी आणि ताई तिची वाट बघत होते. घरी तिघं नेहमी एकत्रच जात. दाजींनी कपडे बदलले होते. शर्यतीचा पोशाख उतरवल्यावर ते कुठल्याही कचेरीतल्या माणसासारखे दिसत.

"काय म्हणाले?" ताईनं विचारलं.

"खूप सांगितलं मी. ऐकायलाच तयार नाहीत. भाचा पडला ना त्यांचा."

ताईनं ओठ आवळले आणि गाडीचं दार उघडून आत बसली. दाजी जागचे हलले नाहीत. फूटपट्टीला वाटलं, आता विचारतील. इंजिनवाला त्यांच्याशी बोलला असेल. पैलवानानं कुणी न विचारताही तोंड उघडलं असेल.

"तू भांडलीस माझ्यासाठी, बास," दाजी म्हणाले. "ताईला म्हणतच होतो मी, ती बोलते कडू, पण आपलं माणूस आहे."

त्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि मागच्या डिकीत अगदी नीट ठेवली, आत लॅपटॉप असतो हे ठाऊक असल्यासारखी. फूटपट्टी त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभी राहिली. एवढ्या सहजासहजी गंडणाऱ्या माणसाला गाडी कोण देणार, असं तिच्या मनात आलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.